कुंपणावरचा खून

“मंडळी दिसत नाहीत तुमची. चार दिवस झाले.”

काकूंनी मान वर न करता विचारलं. मांडीवर सूप, सुपात नवा चिन्नोर तांदूळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आमच्या आणि त्यांच्या अंगणाच्या मध्ये पिवळ्या कण्हेरीचं कुंपण आहे. त्याला एका जागी खिंडार पडलंय, आणि ते बुजवायचं दोन्ही घरांनी गेली वीस वर्षं ठरवून ठेवलंय. खिंडाराच्या पलीकडे काकूंची प्लास्टिकची खुर्ची, अलीकडे माझा दगड. दरबार तिथंच भरतो.

“गोंदियाले गेली. माहेरी. भाचीचं लगन आहे न.”

“कुठल्या गाडीनं?”

“सकाळच्या.”

“एकट्याच?”

“हाव.”

“हं,” काकू म्हणाल्या आणि एक खडा उचलून बाजूला टाकला.

काकू मूळच्या पुण्याच्या. नवरा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला, म्हणून लग्न होऊन इकडे बालाघाटला आल्या, त्याला पन्नासाच्या वर वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात बाजारात कोथिंबीर मागितली तर भाजीवाली तोंडाकडे बघत राहिली, कारण इथं तिला सांबार म्हणतात. पुण्याच्या माणसाला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं. पुढे त्या शेवग्याला मुनगाही म्हणायला लागल्या. पण ‘ण’ त्यांनी सोडला नाही आणि चौकशीही सोडली नाही.

“रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा जळतो तुमच्या माडीवर.”

“लिहून राहिलो, काकू.”

“काय? मृत्युपत्र?”

“कादंबरी. खुनाची.”

आता मात्र सूप थांबलं. काकूंचं अर्धं बालपण बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेलं. वडील शिव्या द्यायचे आणि रात्री स्वतःच वाचायचे, असं त्या सांगतात. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पुस्तकं हजाराच्या वर. त्यातली आपण किती वाचली याचा हिशेब काकूंनी ठेवलेला नाही, पण धनंजय आणि छोटूबद्दल त्या अजून घरातल्या माणसांसारखं बोलतात. खून म्हटल्यावर त्या रीतसर कान देऊन बसल्या.

“डिटेक्टिव्ह कोण आहे?”

“डिटेक्टिव्ह नाही. फॉरेन्सिकवाली बाई आहे. सागरच्या लॅबमधली.”

“नाव?”

“तेच ठरून नाही राहिलं. डॉक्टर साळुंखे ठेवावं म्हन्तो...”

“ते घेतलेलं आहे.”

हे खरं होतं. 1998 च्या जानेवारीत ‘सीआयडी’ सुरू झालं आणि पुढची वीस वर्षं या देशात फॉरेन्सिक म्हणजे डॉक्टर साळुंखे. शिवाजी साटमांनी बोटं फिरवायची, दयानं दार तोडायचं आणि प्रेताजवळ उभं राहून साळुंख्यांनी दोन मिनिटांत सांगायचं, की हे कोणतं विष आणि ते किती वाजता दिलं. माझ्या वर्गातली पोरं मला विचारायची, “सर, आपल्या लॅबमधी असं काऊन नाही होत?” आमच्या लॅबमध्ये लिटमस कागदसुद्धा महिनोन्‌महिने यायचा नाही. चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्याची ही भरपाई करावी म्हणून तर कादंबरीला हात घातला.

“बरं, मेलं कोण?” काकू.

“एक विधवा बाई. पैसेवाली. वैनगंगेच्या काठावर घर.”

“मारलं कशानं?”

मी जरा थांबलो. मग कुंपणाकडे बोट दाखवलं.

“याच्यानं?”

“बिट्टी हाय न ते.”

पिवळ्या कण्हेरीच्या बिया म्हणजे बिट्ट्या. लहानपणी आम्ही त्यांनी खेळायचो, आणि आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. झाडाच्या चिकापासून बीपर्यंत सगळं विषारी, आणि ते थेट हृदयाचा ठोका बिघडवतं. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तर लोक ती कुंपणाला लावतात. म्हणजे घर राखायला आपण दारात विष उभं करतो आणि वर देवाला फुलंही त्याचीच वाहतो. कादंबरीत हे वाक्य मी तीन ठिकाणी घातलं होतं, कारण मला ते फार आवडलं होतं.

“म्हणजे पहिला संशय माझ्यावर,” काकू म्हणाल्या. “कुंपणाची अर्धी झाडं माझी. पुढे?”

“पुढे नायिका येते. प्रेताच्या पोटातलं घेते. परीक्षानळीत टाकते, वरून रसायन टाकते, अन् नळी निळी होते. ती म्हन्ते, कण्हेर!”

“किती वेळ लागला?”

“पाच मिनिटं.”

काकू हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नातीची आठवण काढली. ही नात सागरला गौर विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक शिकली. तो विभाग 1959 साली सुरू झाला, देशातला त्या विषयाचा पहिलाच. आपल्या बुंदेलखंडातल्या सागरात असं काही देशात पहिलं झालं, याची बालाघाटात कुणाला खबर नाही. लोकांना सागर माहीत आहे ते एकाच शब्दामुळे, पेपरमधल्या ‘बिसरा’मुळे. हिंदी पेपरात दर चार दिवसांनी असतं, अमक्याचा बिसरा जाँच के लिए सागर भेजा गया. काकू नवीन असताना त्यांना वाटायचं, कोणीतरी काहीतरी विसरलंय आणि ते आणायला माणूस सागरला पाठवलाय.

“तो व्हिसेरा,” काकू म्हणाल्या. “जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड. बरण्यांत मिठाच्या पाण्यात घालतात. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं. नात म्हणाली, आजी, लोणच्याच्या खारासारखं. सील करतात, सीलचा नमुना वेगळा पाठवतात, म्हणजे वाटेत कुणी उघडलं नाही हे कळावं. मग रांग. महिने जातात, मास्तर. तुमची बाई पाच मिनिटांत नळी निळी करते, आणि बिसरा नेणारा हवालदार अजून जबलपूरला गाडी बदलत असेल.”

“पन काकू, रंगानं विष ओळखू येते. मार्शची टेस्ट...”

इथं मी मास्तर झालो. जेम्स मार्श या इंग्रजानं 1836 साली संखियाची, म्हणजे सोमलाची, परीक्षा काढली. जस्त आणि आम्ल यांच्यात संशयित पदार्थ टाकायचा, निघेल तो वायू पेटवायचा आणि ज्योतीवर थंड चिनी मातीचं भांडं धरायचं. सोमल असला तर भांड्यावर आरशासारखा काळा चकचकीत डाग बसतो. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये लाफार्ज नावाच्या बाईला नवऱ्याला सोमल दिल्याबद्दल शिक्षा झाली ती याच परीक्षेवर. मी हातवारे करून सांगत होतो. चौतीस वर्षांत कुठल्याही वर्गानं मला इतकं गप्प ऐकलं नव्हतं.

“छान,” काकू म्हणाल्या. “पण तो संखिया. कण्हेरीला कुठला डाग?”

मी कण्हेरीकडे पाहिलं. कण्हेर मुकाट उभी होती.

“आणि मुळात,” त्या पुढे, “डॉक्टरनं लिहून दिलं की म्हातारी हृदयविकारानं गेली, तर बिसरा काढणार कोण? कुणाच्या तरी मनात आधी शंका यायला हवी ना. ती शंका कुणाच्या मनात येते तुमच्या पुस्तकात?”

“नायिकेच्या.”

“ती सागरला. तिला इथली म्हातारी मेल्याचं कळवलं कुणी?”

हा प्रश्न मला सुचलेला नव्हता. मी नव्या कायद्याचा आधार घेतला. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, आणि तिच्या 176 व्या कलमात सांगितलंय, की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी गेलंच पाहिजे. राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, पण कादंबरीत आपण तयारी झाली असं धरायला काय हरकत?

“गुन्हा असेल तर,” काकू म्हणाल्या. “आधी गुन्हा आहे हे कळायला हवं.”

मग मी विलायत काढली. म्हटलं, काकू, फॉरेन्सिकवाल्या नायकाची परंपरा फार मोठी आहे. ऑस्टिन फ्रीमन स्वतः डॉक्टर. त्यानं 1907 साली डॉक्टर थॉर्नडाइक उभा केला. हिरवी छोटी पेटी घेऊन फिरणारा, त्या पेटीत सूक्ष्मदर्शक, कुप्या, चिमटे. पहिल्याच कादंबरीत तिजोरीत रक्ताचा अंगठा उमटलेला आणि सगळं स्कॉटलंड यार्ड त्या ठशावर विसंबलेलं. ठसा ज्याचा तो आत. अन् थॉर्नडाइक दाखवतो, की ठसा खोटा आहे, बनवलेला आहे.

“म्हणजे पहिल्याच शास्त्रज्ञानं शास्त्रालाच खोटं पाडलं?”

“हाव न! तेच तं.”

आणि ठशांचं शास्त्र तेव्हा किती नवं होतं म्हणता? लंडनला त्याची कचेरी 1901 मध्ये निघाली. त्याच्या चार वर्षं आधी, 1897 ला, आपल्या कलकत्त्यात जगातली पहिली निघाली होती. अझीजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांची वर्गवारी बसवली आणि ती पद्धत नावानं झाली साहेबाची, हेन्रीची. त्याच सुमाराला जलपाईगुडीकडच्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, पंचांगावर अंगठा सापडला. ठसा जुन्या नोकराचा होता. कोर्टानं त्याला चोरीची शिक्षा दिली. खुनाची दिली नाही. ठसा सांगतो, की हा इथं आला होता. वार कुणी केला ते ठसा सांगत नाही.

“ते कोर्ट शहाणं होतं,” काकूंनी सुपातली कणी झटकली. “मास्तर, तुम्ही लागू डॉक्टरांचं ऐकलंय का?”

“श्रीराम लागू? ‘पिंजरा’वाले? ते डॉक्टर होते न, नाक-कान-घशाचे.”

“ते नाहीत हो! देवमाणसाचं नाव कशाला मध्ये आणता? हा दुसरा. अनंत चिंतामण लागू. आमच्या शुक्रवार पेठेतला.”

आणि मग काकू जे बोलल्या ते मी मधे न बोलता ऐकलं. हे दुर्मीळ आहे. तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या. घरात मोठी माणसं ‘सकाळ’ वाचताना आवाज खाली करायची, म्हणून त्या दाराआड उभं राहून ऐकायच्या. बाकीचं नातीच्या अभ्यासात आलं. हा निकाल पोरांना शिकवतात.

लक्ष्मीबाई कर्वे. विधवा. नवरा 1945 मध्ये वारला. पैसा-अडका बरा, घर स्वतःचं, आणि लागू डॉक्टर त्याच घरातले भाडेकरू. नवऱ्याला औषध त्यांचंच आणि बाईंनाही त्यांचंच. बाईंना मधुमेह. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री डॉक्टर त्यांना घेऊन पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसले, कारण मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं. पहाटे पाचच्या सुमारास गाडी व्हीटीला लागली तेव्हा बाई बेशुद्ध. तिथून गोकुळदास तेजपाल हॉस्पिटल जवळच. टॅक्सीनं नेलं. साडेअकराला बाई गेल्या. कागदावर मधुमेहाची बेशुद्धी.

“आता यात खून कुठं दिसतो तुम्हाला?” काकूंनी विचारलं.

“नाही दिसत.”

“नाव काय लिहिलं हॉस्पिटलात, माहितीय? इंदुमती. आडनावही भलतंच. स्वतःचा पेशंट, वर्षानुवर्षांचा, आणि डॉक्टर नाव खोटं देतो. बेशुद्ध बाईचा डॉक्टर काय करेल हो? धावत जाईल आणि सांगेल, हिला साखर आहे, हिला हे औषध चालू आहे, मीच देतो. हा काय करतो? बाईचं नावच मिटवतो. प्रेत घ्यायला कुणी आलं नाही. बेवारस पडलं. दहा दिवसांनी, 23 तारखेला, शवविच्छेदन झालं.”

“अन् बिसरा?”

“पाठवला.”

“मंग?”

“काही नाही. कसलंही विष सापडलं नाही.”

मी गप्प. कादंबरी लिहिणाऱ्याच्या पोटात असा रिपोर्ट ऐकून जे होतं ते झालं. इथं माझी नायिका असती तर तिनं काय केलं असतं? निळं करायला नळीत काहीच नव्हतं.

“मग पत्रं आली,” काकू म्हणाल्या. “नातेवाइकांना, ओळखीच्यांना. लक्ष्मीबाईंच्या नावानं. काय, तर मी पुन्हा लग्न केलं, जोशी नावाच्या माणसाशी, आणि राठोडीला राहते. जयपूरकडे. 1956 साल, पुणं, आणि प्रौढ विधवा बाई पत्रानं कळवते की मी लग्न केलं. लोक काय म्हणाले असतील याचा विचार करा. निम्मे लाजेनं गप्प बसले असणार. हुशार माणूस हो. त्याला ठाऊक होतं, की बाईच्या अब्रूचा विषय काढला की शोधायला कुणी जात नाही. आणि इकडे तिच्या सह्या, तिचे पैसे, तिचे शेअर.”

“किती दिवस चाललं हे?”

“सव्वा वर्ष. 1958 मध्ये पकडला. कशानं पकडला, तर लोकांना ती पत्रं पटेनात म्हणून. बाई आजारी, साखरेची, इंजेक्शनवर जगणारी, ती उठून जयपूरला जाऊन संसार मांडते? एकदाही कुणाला भेटायला येत नाही? घरातली भांडीकुंडी न्यायला येत नाही? मास्तर, बाई नवरा सोडेल, पण हातातलं पातेलं सोडणार नाही. लोकांनी वर अर्ज केले, पोलीस मागे-मागे जात गेले, आणि पुण्यात हरवलेल्या लक्ष्मीबाई मुंबईच्या रजिस्टरात इंदुमती म्हणून सापडल्या.”

पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी दिली. मुंबई हायकोर्टानं कायम केली. मग प्रकरण दिल्लीला गेलं. लागूचे वकील काय म्हणाले असतील ते कुणीही सांगेल. विषानं मारलं म्हणता, तर विष दाखवा. कोणतं, किती, कुठून आणलं? केमिकल अॅनालायझर सरकारी, तोच म्हणतो काही नाही.

“मंग सुटायला पाहिजे होता,” मी म्हटलं. खरं तर मला तो सुटायला नको होता. पण रसायनशास्त्राची बाजू घेणं भाग होतं.

“14 डिसेंबर 1959. सुप्रीम कोर्टानं अपील फेटाळलं. निकाल हिदायतुल्लांनी लिहिला.”

इथं माझी मान ताठ झाली. एम. हिदायतुल्ला म्हणजे आपले. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं फुटली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, बालाघाट इकडेच राहिलं, आणि हिदायतुल्ला जबलपूरला मध्य प्रदेश हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले, काही दिवस राष्ट्रपतीपदही सांभाळलं. हिशेब केला तर आमचं नागपूर गेल्यानंतर अवघ्या बाराव्या दिवशी लक्ष्मीबाई व्हीटीला पोचल्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण बालाघाटच्या मराठी माणसाला 1956 चा नोव्हेंबर म्हटलं की आधी नागपूर आठवतं, त्याला इलाज नाही.

“काय लिहिलं त्यांनी?”

“नातीनं समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. विष सापडलं नाही म्हणजे विष नव्हतं, असं होत नाही. कितीतरी विषं अशी, की शरीरात विरून जातात, नाहीतर तपासणारा ती शोधतच नाही. त्यात शवविच्छेदन दहा दिवसांनी. आणि मारणारा कोण? डॉक्टर. काय सापडतं आणि काय सापडत नाही, हे ज्याला माहीत आहे तोच. खुन्यानं चांगली तयारी केली, म्हणून त्याला सोडायचं? मग सगळ्या शहाण्या खुन्यांना मोकळं रान. म्हणून त्यांनी बाकीचं बघितलं. आधी, की ती साखरेनंच गेली असेल का. ते तपासलं, आणि नाही म्हणाले. मग याचं वागणं बघितलं. नाव का लपवलं? प्रेत का टाकून दिलं? मेलेल्या बाईची पत्रं का लिहिली? ती गेली आहे हे फक्त याला माहीत होतं, आणि हाच जगाला सांगत होता की ती आहे.”

काकूंनी पुन्हा सूप उचललं. चिन्नोरचा वास अंगणभर पसरला होता. 2021 मध्ये या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून काकू तो निवडताना जरा जास्त सावकाश निवडतात.

मला मात्र लॅबचा अपमान सहन होईना. म्हटलं, काकू, पण तुमच्या लक्ष्मीबाईंच्या पुढल्याच वर्षी विलायतेत काय झालं ते ऐका. ब्रॅडफर्डला केनेथ बार्लो नावाचा माणूस, त्याची बायको अंघोळीच्या टबात मेली. बुडाली म्हणाला. डॉक्टरनं भिंग घेऊन तिच्या अंगाचा इंच न् इंच बघितला आणि सुईच्या बारीक खुणा सापडल्या. इन्सुलिन! पण ते शरीरात सापडतं हे तोवर कुणी कोर्टात सिद्ध केलं नव्हतं. त्यांनी खुणांच्या जागचं मांस घेतलं, त्याचा अर्क काढला आणि उंदरांना टोचला. उंदीर साखर कमी झाल्यासारखे थरथरले. बार्लोला जन्मठेप. ही लॅब, काकू!

“भिंग कुणी घेतलं?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टरनं.”

“आणि भिंग घ्यावंसं त्याला का वाटलं?”

“कारन... नवऱ्याचं सांगनं पटलं नाही. म्हने मी बुडालेल्या बायकोला श्वास देत बसलो होतो. अन् कपडे कोरडे.”

“हं.”

पुन्हा तोच ‘हं’. मी अगाथा ख्रिस्ती काढली, म्हटलं निदान इथं तरी पुस्तकवाल्यांची लाज राहील. पहिल्या महायुद्धात ती दवाखान्यात औषधं द्यायची, म्हणून तिची विषं पक्की. ‘द पेल हॉर्स’ 1961 सालचं, त्यात थॅलियम. 1977 मध्ये लंडनच्या हॉस्पिटलात कतारहून एक दीडेक वर्षाची पोरगी आणली, बेशुद्ध. डॉक्टर थकले. कशानं झालं ते कळेना. पलंगाजवळची नर्स नेमकी ते पुस्तक वाचत होती. पोरीचे केस गळताहेत बघून म्हणाली, हे यातल्यासारखं दिसतंय. तपासलं. थॅलियम! पोरगी वाचली.

काकूंना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती मला परत सांगायला लावली, नर्स कुठं बसली होती, पुस्तक कुठं ठेवलं होतं, सगळं. मग म्हणाल्या, “बघा. मोठमोठे डॉक्टर, आणि केस कुणी बघितले? रात्री पोरीपाशी बसणाऱ्या बाईनं. मास्तर, तुमच्या कादंबरीत शेजारीण नाहीये.”

“शेजारीण?”

“म्हातारी मेली आणि कुंपणापलीकडे कुणीच नाही? दूधवाल्यानं दोन दिवस दूध परत नेलेलं कुणाला दिसलं नाही? रात्री कुणाच्या स्वयंपाकघरात उखळ वाजलं ते कुणी ऐकलं नाही? तुमची सागरची बाई हुशार आहे हो, येऊ दे तिला. पण तिला बोलवायला आधी कुणीतरी हवं ना, जिला हे पटत नाही.”

इथं एक खुलासा करायला हवा, नाहीतर वाचकाला वाटेल की काकूंचं निदान कधी चुकत नाही. तीन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत एक भाडेकरू आला. रात्रभर त्याच्या खोलीतून बारीक घुर्र आवाज, खिडकीला जाड पडदे, मधूनच पार्सलं. काकूंनी पंधरा दिवस निरीक्षण करून निकाल दिला, नोटा छापतो. अख्ख्या गल्लीनं त्याच्याकडून सुटे घेणं बंद केलं. शेवटी उघडकीला आलं, की तो रंगीत मासे पाळायचा आणि घुर्र ही काचेच्या पेटीत हवा सोडणाऱ्या मोटारीची. बिचारा खोली सोडून गेला. जाताना काकूंच्या नातवाला दोन मासे देऊन गेला. काकू आजही म्हणतात, मासे दाखवायला होते.

मी ही आठवण काढली. मुद्दाम काढली. म्हटलं, काकू, कुंपनावरच्या शंकेनं फाशी द्यायला लागलो तं अर्ध्या बालाघाटले लटकवावं लागन.

“म्हणून तर कोर्ट असतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आणि म्हणूनच बिसरा. मी कुठं फाशी देतेय? मी फक्त विचारते.” सूप बाजूला ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. “तर मंडळी गोंदियाला.”

“हाव.”

“फोन येतो?”

“मेसेज येते व्हॉट्सअॅपवर. लग्नाचे फोटो टाकते.”

“मेसेज कुणीही टाकू शकतं. त्या लागूनंही पत्रंच टाकली. आवाज ऐकलात?”

“काकू!”

“लावा ना. माझ्यासमोर लावा. म्हणजे मलाही ऐकू येईल.”

मी चिडून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चार वेळा वाजला. या चार वाजण्यांत, खोटं कशाला सांगू, मलाच घाम फुटला. पलीकडून बँडचा आवाज आला आणि मग आमच्या मंडळींचा.

“काऊन जी? मंडपात आहो मी. काही सांडलं का घरात?”

“नाही वो. काकूले तुझा आवाज आयकाचा होता.”

“काकूले?” पलीकडे क्षणभर बँडच वाजत राहिला. “काकूशी तं सकाळीच बोलली न मी. परवा बी त्यायचाच फोन आला होता. कोनत्या गाडीनं गेली, कोन आलं घ्यायला, सारं इचारलं त्यायनं. तुमाले नाही सांगतलं?”

मी फोन खाली घेतला आणि खिंडारातून पलीकडे पाहिलं. काकूंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

“तुमचं आणि तिचं जुळतंय का ते बघत होते,” त्या म्हणाल्या. “ती म्हणाली सकाळची गाडी. तुम्हीही सकाळचीच म्हणालात. ठीक आहे.”

आणि आणखी एक खडा काढून त्यांनी कण्हेरीच्या बुंध्याशी टाकला.